तिथं नाही म्हणता येतं का?

पत्राचा सारांश (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत): पत्र लिहिणारी मुलगी २३ वर्षांची, दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि मुंबईत ट्रॉम्बेला असलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये तिची निवड झाली. हायस्कूलात शिकवणाऱ्या वडिलांनी गावभर पेढे वाटले. पुण्याची जिवलग मैत्रीण म्हणाली, "शेवटी बॉम्बवाल्यांच्यात चाललीस." आजोबा ८५ वर्षांचे. तरुणपणी विनोबांच्या भूदान पदयात्रेत चाललेले, आणि मे १९९८ मध्ये गावात फटाके वाजत असताना दिवसभर उपाशी राहिलेले. त्या उपासाबद्दल घरात त्यांना कुणी कधी विचारलं नाही. नातीला त्यांनी एवढंच सांगितलं, "बाळ, तिथं नाही म्हणता येतं का, तेवढं विचारून घे." ती लिहिते: "मी फक्त फिजिक्स करणार, बॉम्बचं धोरण दिल्लीत ठरतं, असं मी मनाला समजावते. हे खरं आहे का? गेले तर आजोबांना दुखावेन. नाही गेले तर जन्मभर हळहळेन. रुजू व्हायला थोडेच आठवडे उरलेत."

प्रिय मैत्रिणी,

आधी मनापासून अभिनंदन. तालुक्याच्या कॉलेजातून निघून ट्रॉम्बेची मुलाखत पार करणं ही साधी गोष्ट नाही. बाबांनी पेढे वाटले ते योग्यच केलं.

पेढ्यांची माझीही एक आठवण आहे. ११ मे १९९८, बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी पंतप्रधान वाजपेयींनी पोखरणच्या तीन चाचण्या जाहीर केल्या आणि तासाभरात ठाण्यातल्या आमच्या चाळीत पेढ्यांचा पुडा फिरला. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचे. हातावर पेढा आला, मी खाल्ला, आणि खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. १३ तारखेला आणखी दोन चाचण्या झाल्या. २८ तारखेला पाकिस्ताननं चगाईच्या डोंगरात स्फोट केले. त्या रात्री माझ्या सहावीतल्या मुलीनं अंथरुणात विचारलं, "आई, आता ते मुंबईवर टाकतील का गं?" किलोटन म्हणजे काय, स्फोटाची ताकद कशी मोजतात, हे मी तिला सांगू शकले असते. पण हे ठरवतं कोण, कुणाला विचारून ठरवतं आणि ठरवणाऱ्याला अडवतं कोण, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. तेव्हापासून जमेल तसं वाचत आले. म्हणून या उत्तराला जरा लांबण लागणार आहे.

तू मनाला जे समजावतेस, तिथूनच सुरुवात करू. शास्त्रज्ञ आपलं काम करतात, धोरण दिल्लीत ठरतं. ऐकायला सरळ वाटतं, पण आपल्या देशात ते तसं घडलेलं नाही.

१६ ऑक्टोबर १९६४ ला चीननं पहिला अणुस्फोट केला. बासष्टची जखम ताजी होती, नेहरू जाऊन पाच महिने झाले होते, शास्त्रीजी नवे होते. आठच दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, होमी भाभा आकाशवाणीवर बोलले. भाषणात निःशस्त्रीकरणाची बाजू होती, पण लोकांच्या लक्षात राहिले ते आकडे: दहा किलोटनांचा स्फोट साडेसतरा लाखांत, पन्नास अणुबॉम्बांचा साठा दहा कोटींच्या आत. हे आकडे अमेरिकेच्या शांततामय, म्हणजे खोदकामासारख्या कामांसाठीच्या, स्फोटांच्या हिशेबातून आलेले होते. अणुभट्टी, प्लुटोनियम वेगळं काढायचा कारखाना, विमानं, यातलं काहीही त्यात धरलेलं नव्हतं. शास्त्रीजींना बॉम्ब नको होता आणि पक्षात त्यावरून रान उठलं होतं. अशा वेळी देशातला सगळ्यात मोठा अणुशास्त्रज्ञ रेडिओवरून सांगतो की हे स्वस्त आहे, तेव्हा ते नुसतं विज्ञान राहतं का? शेवटी शास्त्रीजींनी मधला मार्ग काढला आणि जमिनीखालच्या शांततामय स्फोटाच्या अभ्यासाला मान्यता दिली.

जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी ताश्कंदला गेले ते परत आलेच नाहीत, आणि दोन आठवड्यांत भाभांचं विमान माँ ब्लांवर कोसळलं. भाभांच्या जागी विक्रम साराभाई आले. त्यांना बॉम्ब मान्य नव्हता. एक स्फोट केल्यानं देश सुरक्षित होत नाही, त्यामागे लागणारा अख्खा उद्योग आणि पैसा कुठून आणणार, हे त्यांनी उघडपणे मांडलं आणि तो अभ्यास थांबवला. म्हणजे वरून स्पष्ट 'नाही' होतं.

आणि तरीही ट्रॉम्बेत काम पुढे गेलं. तिथले भौतिकशास्त्रज्ञ राजगोपाल चिदंबरम यांनीच पुढे सांगितलंय की १९६७ मध्ये त्यांचे वरिष्ठ राजा रामण्णांनी त्यांच्याकडे एक काम दिलं: प्लुटोनियमचं इक्वेशन ऑफ स्टेट काढायचं. प्रचंड दाब आला की तो धातू किती आकसतो, कसा वागतो, याचं समीकरण. तू हे आदर्श वायूपासून शिकलीस, तुला वेगळं समजवायला नको. आता त्या खोलीत स्वतःला बसवून बघ. समोर कागद, पेन्सिल, आलेख. हे फिजिक्सच आहे, आणि सुंदर फिजिक्स आहे. आणि बॉम्बच्या आराखड्याचा पायाही हाच आहे, कारण प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी दाबला गेल्यावर काय होईल हे त्यातूनच कळतं. धोरण 'नाही' म्हणत असताना ते समीकरण सुटत होतं. सात वर्षांनी, १८ मे १९७४ ला, पोखरणला जमीन उचलली गेली.

'मी फक्त फिजिक्स करणार' या वाक्याची मला म्हणून काळजी वाटते. तू खोटं बोलते आहेस असं मी म्हणत नाही. कागदावरचं फिजिक्स कशाकडे चाललंय हे कागदावर लिहिलेलं नसतं, एवढंच.

१९७४ चा निर्णयही बघ. माहिती असणारी सरकारातली आणि बाहेरची मिळून मोजकीच माणसं. रामण्णांनी आठवणींत लिहिलंय की बैठकीत इंदिराजींचे सल्लागार हक्सर म्हणाले, वेळ योग्य नाही, आणि डी. पी. धर यांचाही विरोध होता. शास्त्रज्ञ चाचणीच्या बाजूनं होते. इंदिराजींनी शास्त्रज्ञांचं ऐकलं. त्याला 'शांततामय अणुस्फोट' म्हटलं गेलं. १९९७ मध्ये रामण्णांनीच सांगून टाकलं की तो बॉम्बच होता. तेवीस वर्षं! तुझं आत्ताचं वय तेवढं आहे.

हे लिहिताना मी त्या माणसांना खलनायक ठरवत नाहीये. त्यांना मनापासून वाटत होतं की चीन शेजारी बसलेला असताना हा देश उघडा राहता कामा नये. ती भीती खरी होती. अनिल काकोडकरांचंच घे. आई कमलाबाई आणि वडील पुरुषोत्तम, दोघंही गांधीविचाराचे. वडील गोव्याच्या मुक्तीसाठी लढले, पोर्तुगीजांनी त्यांना पार पोर्तुगालला नेऊन ठेवलं. असल्या घरातला मुलगा व्हीजेटीआयमधून इंजिनीअर होऊन, तुला आता जिथं जायचंय त्याच ट्रेनिंग स्कूलमधून ट्रॉम्बेत गेला आणि १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्यांच्या कामात होता. आजोबांचा वारसा आणि ट्रॉम्बे एका घरात नांदू शकत नाहीत, असं तू धरून चालली आहेस. नांदलेत. सुखानं की कसं, ते त्या घरालाच ठाऊक.

आता तुझ्या मैत्रिणीचं म्हणणं. 'बॉम्बवाले' हा शब्द तिनं फार पटकन वापरला. ट्रॉम्बेत भुईमुगाचं बियाणं तयार झालंय. टीएजी-२४ हे नाव तुमच्याकडच्या शेतकऱ्यानंही ऐकलं असेल, ट्रॉम्बे-अकोला ग्राउंडनट. लासलगावला कांद्या-आंब्यावर विकिरण करायचं केंद्र आहे. कॅन्सरवर किरणोपचार करणारं भाभाट्रॉन नावाचं यंत्र तिथलंच. तू तिथं गेलीस तर तुझ्या वाट्याला यातलं काहीही येऊ शकतं. पण या यादीनं मैत्रिणीला गप्प करायला जाऊ नकोस, कारण ती अर्धी बरोबर आहे. कॅनडानं दिलेल्या सायरस अणुभट्टीत औषधोपचाराचे किरणोत्सारी पदार्थ (समस्थानिक) तयार झाले आणि १९७४ च्या बॉम्बचं प्लुटोनियमही तिथूनच आलं. भिंत आहे, पण पातळ आहे. १९४८ मध्ये अणुऊर्जेचा कायदा आला तेव्हा संविधानसभेत कृष्णमूर्ती राव यांनी नेमकं हेच विचारलं होतं: ब्रिटनमध्ये गुप्तता फक्त संरक्षणाच्या कामाला आहे, आपल्याकडे सगळ्यालाच का? नेहरूंनी प्रांजळपणे सांगितलं की ही दोन कामं वेगळी कशी काढायची ते मला कळत नाही. खातं थेट पंतप्रधानांच्या हाताखाली गेलं, कुलूप सगळ्यालाच लागलं. शास्त्रज्ञ मेघनाद साहा लोकसभेत जाऊन या गुप्ततेवर तुटून पडले. फार काही बदललं नाही.

बाहेर राहिलं की हात स्वच्छ राहतात, हेही तपासून बघण्यासारखं आहे. बाहेर राहून तू कॉलेजात फिजिक्स शिकवलंस तर तुझीच मुलं ट्रॉम्बेला जातील, पाषाणच्या संरक्षण प्रयोगशाळांत जातील. बाहेर राहण्याचा खरा फायदा वेगळा आहे: बोलता येतं. दामोदर धर्मानंद कोसंबी आठव. गोव्यात जन्मलेला गणिती, बौद्धविद्येचे अभ्यासक धर्मानंद यांचा मुलगा. पुण्याहून डेक्कन क्वीननं मुंबईला टीआयएफआर या मूलभूत संशोधनाच्या संस्थेत जायचे. भाभांच्याच संस्थेत बसून ते जागतिक शांतता चळवळीत काम करत होते आणि या देशाला अणूपेक्षा सूर्याची ऊर्जा परवडेल असं बोलत होते. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. कारणं बरीच सांगतात, पण बोलण्याची किंमत त्यांनी मोजली यात मला शंका नाही. १९९८ नंतरही मुंबई, बंगळूर, चेन्नईच्या संशोधन संस्थांतल्या अनेकांनी चाचण्यांविरुद्ध सह्या केल्या. एम. व्ही. रमणा हे भौतिकशास्त्रज्ञ, त्यांनी १९९९ मध्ये मुंबईवर हिरोशिमाएवढा बॉम्ब पडला तर काय होईल याचा शांतपणे हिशेब मांडला. माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. तिला वाचून दाखवायचा धीर झाला नाही. हेही फिजिक्सच, आणि तेही कुणीतरी करायला हवं होतं.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे येते. तुझ्या पत्रात सगळ्यात नेमकं तेच आहे. नाही म्हणता येतं का?

एका अर्थी येतं. जोसेफ रोटब्लाट अमेरिकेच्या बॉम्बप्रकल्पात होते. जर्मनी बॉम्ब करत नाहीये हे १९४४ च्या अखेरीस स्पष्ट झाल्यावर ते निघून गेले. सद्सद्विवेकासाठी सोडून गेलेला तो एकटाच. त्यांच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला. पुढे किरणोपचाराच्या भौतिकशास्त्रात आयुष्य घातलं, अण्वस्त्रांविरुद्ध शास्त्रज्ञांना एकत्र आणणाऱ्या पगवॉश परिषदा उभ्या केल्या आणि १९९५ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. पण ते गेले म्हणून प्रकल्प एक दिवसही थांबला नाही. हेही तुला माहीत हवं.

आपल्याकडे आत असताना काय होतं? सरकारी नोकरीत शिरलीस की १९६४ चे वर्तणूक नियम लागू होतात. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. गोपनीयतेचा कायदा वेगळा. म्हणजे जाहीर 'नाही' हे नोकरीत असेपर्यंत जवळपास मिटलेलं. अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष राहिलेले ए. गोपालकृष्णन सुरक्षेतल्या त्रुटींवर उघडपणे बोलू लागले ते पद संपल्यावर. पुढे २००० मध्ये ट्रॉम्बेचं केंद्र त्या मंडळाच्या देखरेखीखालूनच काढलं गेलं. १९९८ च्या चाचणीस्थळाची जबाबदारी असलेल्या के. संथानम यांनी हायड्रोजन बॉम्ब अपेक्षेएवढा फुटला नाही असं म्हटलं ते २००९ मध्ये, निवृत्त झाल्यावर. चिदंबरम, काकोडकर यांनी ते खोडून काढलं. दोन्हीकडे मोठे शास्त्रज्ञ, आकडे कुलपात, आणि आपण सामान्य माणसांनी कुणावर विश्वास ठेवायचा ते ज्यानं त्यानं ठरवायचं. आत असताना गप्प आणि निवृत्तीनंतर मोकळं, असा हा रिवाज आहे. तुझी निवृत्ती छत्तीस-सदतीस वर्षं लांब आहे. एवढा काळ शब्द पोटात ठेवून माणूस तोच राहतो का, याचा विचार कर.

पण जाहीर 'नाही' एवढा एकच प्रकार नसतो. 'हे काम मला देऊ नका' असं वरिष्ठाला सांगणं हाही एक नकार आहे. मोठ्या संस्थेत तो बऱ्याचदा चालतो, बढतीला उशीर होतो इतकंच. आणि फायलीवर नोंदवलेली हरकत. ती कुणाला दिसत नाही, टाळ्या मिळत नाहीत, पण आकडे फुगवलेले असतील, सुरक्षेचा हिशेब कच्चा असेल, तर फायलीवरची दोन ओळींची हरकत पुढच्या माणसाला डावलता येत नाही. १९६४ मध्ये 'या साडेसतरा लाखांत अणुभट्टी धरलेली नाही' एवढं एक वाक्य कुणी वेळेवर लिहून ठेवायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं.

मग करायचं काय? माझं मत लपवत नाही: मला अण्वस्त्रं नकोत, आपलीही नकोत. आपलं धोरण पहिला वार न करण्याचं आहे, २००३ पासून कागदावर आहे, निर्णय पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या परिषदेकडे आहे. हे चांगलंच, पण मला ते पुरत नाही. तरीही माझा कौल असा आहे की तू जा. टेबलाशी बसणारी माणसं मोजकीच असतात हे आपण पाहिलं. त्यात आजोबांचा प्रश्न कानात घेऊन आलेली एखादी असावी असं मला वाटतं. मात्र आत शिरून बदलू असं म्हणणारे बरेचजण हळूहळू स्वतःच बदलतात, म्हणून काही तयारी आत्ताच कर.

रुजू होण्याआधी बाँडचा कागद ओळ न ओळ वाच. किती वर्षं, सोडायचं झालं तर किती रक्कम, केव्हा भरायची. ट्रेनिंगनंतर विभाग कसे दिले जातात, आपली पसंती कितपत विचारात घेतात, हे तिथून बाहेर पडलेल्या दोन-तीन जणांना भेटून विचार, आणि त्यात एकजण तरी नोकरी सोडलेला असू दे. मग एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हातानं लिही की कुठलं काम मी करणार नाही. मोघम नको. 'बॉम्बचं काम' असं लिहिलंस तर उद्या समोर येणारं कुठलंच काम त्यात बसत नाही असं मनाला पटवून घेशील. तारीख घाल, पाकीट बंद करून घरी ठेव आणि दर दिवाळीला उघडून वाच. ओळ सरकली असेल तर सरकू दे, माणसाची मतं बदलतात. पण सरकली हे तुला कळलं पाहिजे.

पैशांचं सांगते, कारण सल्ले देणारे हे विसरतात. अणुशक्तीनगरचं, म्हणजे केंद्राच्या वसाहतीतलं, क्वार्टर नोकरीबरोबर येतं आणि नोकरीबरोबरच जातं. पहिली पाच वर्षं खारघरला फ्लॅट बुक करायच्या फंदात पडू नकोस. ज्याच्या डोक्यावर वीस वर्षांचा हप्ता आहे त्याच्या तोंडून 'नाही' निघणं अवघड. सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा असू दे. संरक्षण प्रयोगशाळेत किंवा त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या पुण्या-नाशिकच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, असेच प्रश्न घेऊन मला लिहिणाऱ्या सगळ्यांनाच हे लागू आहे.

आणि पुण्याची ती मैत्रीण तोडू नकोस. ट्रॉम्बेत राहणारे, शिकणारे, जेवणारे सगळे एकाच खात्याचे, अशी वसाहत आहे ती. खात्याबाहेरचं, तोंडावर बोलणारं एक माणूस तुला फार लागेल. गुपितं तिला सांगायची नाहीत, पण स्वतःबद्दल बोलता येईल.

हा सगळा विचार करून पाय निघत नसेल, तर न जाणं ही हार मानू नकोस. किरणोपचाराच्या भौतिकशास्त्राची पदविका आहे, टीआयएफआर आहे, पुण्याची खगोलशास्त्राची आयुका आहे, धोरणाचा अभ्यास करणारे भौतिकशास्त्रज्ञ आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतके आहेत. हळहळ दोन्ही वाटांवर थोडी असतेच.

बाबा आणि आजोबा यांच्यात निवाडा करायचं काम मात्र तू अंगावर घेऊ नकोस. बाबांचा अभिमान खरा आहे आणि आजोबांनीही तुला जाऊ नकोस असं कुठं म्हटलंय? त्यांनी प्रश्न दिलाय, मनाई केलेली नाही. तुझ्या पत्रावरून वाटतं की तू त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ स्वतःच लावून मोकळी झालीस.

१९९८ च्या त्या उपासाबद्दल त्यांना निघायच्या आधी विचार. त्या दिवशी काय वाटलं, कुणाला काही सांगावंसं वाटलं का, का सांगितलं नाही. बाबांनाही जवळ बसवून घे.